कवडशातले भिंग

डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग चिमट्यात धरून दिव्यासमोर नेले, तर त्यात पाहण्यासारखे काहीच दिसत नाही. मधला गोल भाग सहा मिलिमीटरचा, दोन बाजूंनी निघालेले आकड्यासारखे बारीक पाय धरून सगळी लांबी तेरा मिलिमीटरच्या आसपास, आणि वस्तू इतकी पारदर्शक की ती आहे हे केवळ कडेच्या एका फिकट रेषेवरून ओळखायचे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात या भिंगांची तपासणी कॅमेरा आणि संगणक यांच्याकडून करून घेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिले दोन आठवडे मी त्यांचे समोरून प्रकाश देऊन फोटो काढत राहिलो. कडा आणि मापे फोटोत नेमकी मिळत होती. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते ओरखडे मात्र त्यात उमटत नव्हते.

तपासणी विभागात सर्वांत जुन्या ज्या बाई होत्या त्यांना सगळे ताई म्हणत, आणि मीही तसेच म्हणू लागलो होतो. सतरा वर्षे त्या मायक्रोस्कोपवर बसत होत्या. माझ्या पडद्यावरचे फोटो त्यांनी दोन-तीन दिवस येता-जाता पाहिले आणि मग म्हणाल्या, "सर, उजेड समोरून देऊ नका. बाजूनं द्या, आणि मागं काळं ठेवा." त्यांच्या मायक्रोस्कोपखाली त्या नेमके हेच करत होत्या: भिंग जरासे तिरपे धरून, दिव्याची तिरीप कडेने आत सोडून, अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ते न्याहाळत होत्या. मी रिंगसारखा दिवा खाली, अगदी कमी कोनात बसवला, मागे काळा पत्रा लावला, आणि जे भिंग आदल्या दिवशी निर्दोष दिसत होते त्याच्या मधोमध केसासारखी एक पांढरी रेघ लखलखीत उमटली.

या पद्धतीला आमच्या क्षेत्रात डार्क फील्ड म्हणतात, पण मला ती खरी समजली ती कसबा पेठेतल्या आमच्या आजोळच्या वाड्यामुळे. दुपारी माजघरात एका कौलाच्या फटीतून कवडसा पडत असे, आणि एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत त्या तिरप्या पट्ट्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसत. हवेत धूळ आधीही असतेच. प्रकाश थेट डोळ्यात न येता कणावर आपटून वळून आला की ती दिसू लागते. ओरखड्याचेही तसेच आहे. गुळगुळीत भागावरून प्रकाश सरळ निघून जातो, कॅमेऱ्याकडे वळतच नाही. ओरखड्याची धार मात्र तो विखुरते आणि त्यातला थोडा कॅमेऱ्यात पोहोचतो. संगणकीय दृष्टीविषयी लोक बोलतात तेव्हा चर्चा बहुधा अल्गोरिदमची असते. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक काम दिव्याचे असते, आणि जे दिव्याने दाखवले नाही ते कितीही मोठे न्यूरल नेटवर्क नंतर शोधून काढू शकत नाही.

त्या एका केसाएवढ्या रेघेची एवढी चिंता का, हे मला सुरुवातीला कोणी समजावून सांगितले नव्हते. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडले यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवले. युद्धकाळात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांच्या ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते, आणि ते तिथे वर्षानुवर्षे राहूनही डोळा त्यांना विरोध करत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. आज पुण्यात कोणाच्याही घरी आजी-आजोबांच्या डोळ्यांचा विषय निघाला की महंमदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयाचे नाव येते, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत होते आणि संध्याकाळी माणूस घरी असतो, इतकी ही गोष्ट सवयीची झाली आहे. पण भिंग एकदा आत बसले की ते जन्मभरासाठी असते. चष्म्याच्या काचेवर ओरखडा गेला तर ती बदलता येते. डोळ्यातल्या भिंगाच्या मधोमध ओरखडा असेल, तर रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा दिवा त्या माणसाला फुटलेला, पसरलेला दिसू शकतो, आणि बिघाड वस्तूत आहे की आपल्या वयात, हे त्याला कधीच कळणार नाही.

मग हे काम माणसाकडून काढून यंत्राकडे का द्यायचे, हा प्रश्न ताईंनीच मला विचारला होता, आणि त्यामागची काळजी मला कळत होती. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाविषयी मी त्यांना सांगितले. ब्रिटिश हवाई दलातले रडार पाहणारे लोक पडद्यावरचे शत्रूचे ठिपके का चुकवतात, हे शोधण्यासाठी त्याने घड्याळासारखी एक तबकडी बनवली; तिचा काटा एकेक टप्पा पुढे सरकत असे आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी घेई. ती उडी पाहणाऱ्याने टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची नजर ढळू लागली. हे आळसामुळे होत नव्हते. दुर्मीळ गोष्टीची वाट पाहत एकाग्र राहणे मानवी मेंदूला फार काळ जमतच नाही. ताई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणूनच मी दर वीस मिनिटांनी उठून पाणी पिते." त्यांना हे कोणी शिकवलेले नव्हते.

यानंतर आम्ही जे केले ते या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे होते असे मला आजही वाटते. चांगली आणि वाईट भिंगे मिसळून एक संच तयार केला, त्यांना गुप्त क्रमांक दिले, आणि तीन तपासनिसांनी तो संच वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा तपासला. औषधांच्या कुप्यांतले कण शोधण्याच्या क्षेत्रात ज्युलियस नॅप यांनी रुजवलेली ही रीत आहे. एखादी वस्तू दहा वेळा तपासली आणि सात किंवा अधिक वेळा नाकारली गेली, तर ती नाकारण्याच्या पट्ट्यात. तीनपेक्षा कमी वेळा नाकारली गेली तर स्वीकारण्याच्या. आणि मधली सगळी करड्या पट्ट्यात. यंत्राला पास व्हायचे असेल तर त्याने पहिल्या पट्ट्यातल्या वस्तू निदान माणसांइतक्या खात्रीने पकडल्या पाहिजेत. यातला विचार मला फार प्रामाणिक वाटतो. दोष आहे किंवा नाही असे दोनच कप्पे करून मोकळे होण्याऐवजी, जाणकार माणसांचेही एकमत होत नाही अशी एक जागा असते आणि ती किती मोठी आहे हे आधी मोजा, असे ही रीत सांगते. आमचा करडा पट्टा व्यवस्थापनाने कल्पना केली होती त्यापेक्षा बराच रुंद निघाला. आणि माझ्या यंत्राला मी जे सत्य म्हणून शिकवणार होतो ते या पट्ट्याच्या कडेवर उभ्या असलेल्या तीन बायकांचे मत होते.

शिकवण्याची अडचणही वेगळीच असते. कारखाना चांगला चालला असेल तर खराब माल थोडाच निघतो, आणि यंत्राला शिकवायला तर खराब मालच हवा असतो. म्हणून केवळ चांगल्या भिंगांचे फोटो दाखवायचे, चांगले कसे असते हे त्याच्यात मुरवायचे, आणि त्याहून वेगळे जे दिसेल त्यावर बोट ठेवायला सांगायचे, हा मार्ग आम्ही घेतला. तो पुष्कळसा यशस्वी झाला, पण एका सोमवारी यंत्र जवळजवळ प्रत्येक भिंग नाकारू लागले. मी आकडे तपासत बसलो, कितीपर्यंत चालेल याचे उंबरठे वरखाली केले. ताईंनी आठ-दहा नाकारलेले फोटो एकामागून एक पाहिले आणि म्हणाल्या, "सर, माल वेगवेगळा आहे आणि ठिपका सगळ्यांत त्याच जागी आहे. हा भिंगात नाही, तुमच्या कॅमेऱ्याच्या काचेवर आहे." कॅमेऱ्यापुढच्या संरक्षक काचेवर एक तंतू चिकटला होता. तेव्हापासून पाळीच्या सुरुवातीला रिकाम्या ट्रेचा फोटो काढायचा आणि त्यात काही दिसले तर आधी काच पुसायची, असा नियम आम्ही लिहून टाकला.

तपासनिसांच्या पात्रतेचे नियमही त्याच सुमारास नव्याने लिहिले गेले, आणि त्या कागदावर माझी सही आहे. वर्षातून एकदा दूरची नजर, जवळची नजर आणि रंगांची ओळख तपासायची. तिन्ही ठीक असतील तर तपासनीस पात्र. मला तो नियम तेव्हा पुरेसा कडक वाटला होता. ताई दर वर्षी त्या परीक्षेत पहिल्या फटक्यात उत्तीर्ण होत. त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह होता, हे मला माहीत नव्हते, आणि तो नियम लिहिताना कोणाला मधुमेह आहे का हे विचारण्याचे मला सुचलेही नव्हते.

मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, बिघडतो तेव्हा सुरुवातीला नजर बिघडतच नाही. हा या रोगाचा सर्वांत दगाबाज भाग आहे. पडद्यावरच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन त्यांना टाचणीच्या टोकाहूनही लहान फुगे येतात. मग त्यांतून रक्त आणि चरबीयुक्त द्रव पाझरतो. काही भागांचा रक्तपुरवठा तुटतो. आणि शेवटी त्या उपाशी भागांना रक्त पुरवण्यासाठी नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात आणि फुटतात. यांतल्या पहिल्या कित्येक टप्प्यांत माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१ मध्ये देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख होती. एवढ्या लोकांची बाहुली थेंब घालून मोठी करून, दर वर्षी प्रत्येकाचा पडदा नेत्रतज्ज्ञाने पाहणे, हे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांच्या संख्येत बसणारे काम नाही. त्यामुळे कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढायचा आणि तो आधी संगणकाने पाहायचा, ही कल्पना येथे अगदी निकडीची आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जगापुढे मांडले, त्यातही प्रश्न प्रकाशाचाच होता. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो आणि त्या वाटेत पाहणाऱ्याचे डोके येते. त्यांनी काचेच्या तिरप्या पट्टीने प्रकाश आत वळवला आणि त्याच पट्टीतून आरपार पाहिले. पडद्याचे फोटो पहिल्यांदा हाताळले तेव्हा मला आमचा काळा पत्रा आणि रिंग दिवा आठवला. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते, म्हणून फोटोचा केवळ हिरवा भाग वेगळा काढला की रक्तवाहिन्या आणि रक्तस्रावाचे ठिपके फिकट पार्श्वभूमीवर काळे उठून दिसतात. भिंगाचा ओरखडा काळ्यावर पांढरा, पडद्यावरचा ठिपका फिकटावर काळा.

२०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२८,१७५ फोटोंवर संगणकाला शिकवले गेले होते, आणि प्रत्येक फोटो तीन ते सात नेत्रतज्ज्ञांनी तपासून त्याला दर्जा दिला होता. त्यांतले बरेच फोटो मदुराईच्या अरविंद, चेन्नईच्या शंकर नेत्रालय अशा भारतीय रुग्णालयांतले होते. निकालाचे आकडे वृत्तपत्रांत सगळ्यांनी वाचले. माझी नजर त्या तीन ते सातवर अडकली. इतके तज्ज्ञ कशाला लागले? कारण एकच फोटो पाहून दोन तज्ज्ञ वेगळा दर्जा देतात, आणि तोच तज्ज्ञ काही दिवसांनी स्वतःशीच असहमत होतो. येथेही तोच करडा पट्टा होता. आमच्या कामातला दुसराही एक धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. एकाच लॉटची, म्हणजे एकत्र बनलेली, भिंगे शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या अशा दोन्ही संचांत आली की यंत्र खोटे हुशार दिसते, कारण त्याने त्या लॉटची छटा पाठ केलेली असते. तसेच एकाच माणसाचा उजवा डोळा शिकवणीत आणि डावा परीक्षेत गेला तर निकालाला काही अर्थ उरत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरने फोटो न पाहताही निकाल देणाऱ्या आयडीएक्स-डीआर या प्रणालीला परवानगी दिली. चाचणीत तिने मध्यम किंवा त्याहून अधिक विकार असलेल्यांपैकी ८७.२ टक्के लोक पकडले आणि तसा विकार नसलेल्यांपैकी ९०.७ टक्क्यांना योग्य रीतीने मोकळे केले. हे आकडे उत्तम आहेत, पण ते नुसते वाचण्यापेक्षा मांडून पाहावेत. समजा एक हजार मधुमेही आले आणि त्यांतल्या शंभरांना असा विकार आहे. यंत्र सत्त्याऐंशी पकडील, तेरा सोडून देईल, आणि तसा विकार नसलेल्या नऊशेंपैकी चौऱ्याऐंशी माणसांनाही पुढे पाठवील. म्हणजे ज्या एकशे एकाहत्तर जणांच्या हातात चिठ्ठी पडेल त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तसा विकार नसेल. कारखान्यात मी हा सौदा डोळे मिटून केला असता. चौऱ्याऐंशी चांगली भिंगे नाकारलेल्या मालाच्या लाल पेटीत गेली तर नुकसान होते, पण ते पैशात मोजता येते, आणि पेटी तिथे सरकत्या पट्ट्याच्या शेवटी आधीपासून ठेवलेली असते. डोळ्यांच्या बाबतीत लाल पेटीच नसते. जो नाकारला जातो तो चालत घरी जातो.

आमच्या कारखान्यात एका बाहेरच्या संस्थेने आरोग्य शिबिर घेतले, तेव्हा मधुमेह असलेल्या कामगारांच्या पडद्याचे फोटो हातात धरायच्या कॅमेऱ्याने काढले गेले. अर्ध्या मिनिटात फोटो, आणखी थोड्या वेळात निकाल. मी कौतुकाने पाहत होतो. ताईंच्या हातात जी चिठ्ठी आली तिच्यावर इंग्रजीत एकच शब्द होता, रेफर. कुठे जायचे, कधी जायचे, न गेल्यास काय होईल, यांतले काही नव्हते, आणि शिबिर दुपारी तीनला गुंडाळले गेले. ताईंनी मला चिठ्ठी दाखवून विचारले, "सर, म्हणजे मी रिजेक्ट झाले का?" मी त्यांना हा फक्त पुढच्या तपासणीचा सल्ला आहे असे सांगितले, ते खरेही होते, पण रिजेक्ट या शब्दाचा त्यांच्या कामातला अर्थ मला माहीत होता आणि तरी मी तेवढ्यावरच थांबलो.

चार महिने त्या कुठेही गेल्या नाहीत. नजर अधू आहे असे कागदावर आले तर मायक्रोस्कोपवरून काढून पॅकिंगला बसवतील, ही त्यांची भीती होती, आणि माझी सही असलेला तो नियमाचा कागद पाहता ती निराधार नव्हती. थायलंडमध्ये गूगलची अशीच प्रणाली सरकारी दवाखान्यांत वापरली गेली तेव्हाची निरीक्षणे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. तिथे पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो प्रणालीने तपासण्यायोग्य नाहीत म्हणून परत केले, आणि खोल्या पुरेशा अंधाऱ्या नसणे हे त्याचे एक मोठे कारण होते. आणि दूरच्या रुग्णालयात पाठवले जाईल या धास्तीने काहींनी या प्रणालीची तपासणी नको म्हटले. मी ते वाचले होते, सहकाऱ्यांना वाचायला दिले होते. माझ्याच विभागात, माझ्यापासून दहा पावलांवर तसेच घडत होते आणि ते मला दिसले नाही.

मला कळले ते त्यांच्या मुलीकडून. मग पुढच्या गुरुवारी, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, त्या, त्यांची मुलगी आणि मी असे तिघे शहरातल्या एका नेत्र रुग्णालयात गेलो. नियमाचा कागद मी त्याआधीच बदलायला घेतला होता: मधुमेह असलेल्या तपासनिसाच्या पडद्याची वार्षिक तपासणी कारखान्याच्या खर्चाने, आणि निकाल काहीही आला तरी जोवर प्रत्यक्ष नजर पात्र आहे तोवर जागा तीच. तो मंजूर व्हायला पाच आठवडे लागले.

तंत्रज्ञाने दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. ताईंनी स्वतःच्या डोळ्याचा आतला भाग आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. नारिंगी पार्श्वभूमी, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या, जिथून त्या निघतात ती पिवळसर गोल थाळी, आणि काही बारीक लाल ठिपके, काही मेणासारखे पिवळे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खुर्ची पुढे ओढून, आपल्या टेबलावर बसाव्यात तशा त्या नीट बसल्या आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका धूसर, राखाडी डागाकडे बोट करून तंत्रज्ञाला म्हणाल्या, "बाळा, ही पिवळी थाळी या डोळ्यात उजवीकडे आहे, त्यात डावीकडे. सगळं आरशासारखं उलटलंय. हा डाग मात्र दोन्हीकडं त्याच जागी आहे. तुमची काच पुसून घ्या."

त्या मुलाने भिंग पुसले आणि पुन्हा फोटो काढले. राखाडी डाग गेला. लाल आणि पिवळे ठिपके होते तिथेच होते, आणि पडद्याच्या मध्यबिंदूजवळ सूज आहे हे नंतरच्या ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या, तपासणीत दिसले. डॉक्टरांनी सुरुवातीला महिन्याला एक अशी इंजेक्शने सुचवली, आणि रक्तातली साखर व रक्तदाब आटोक्यात आणल्याशिवाय त्यांचा पुरता उपयोग होणार नाही, हेही सांगितले. ताईंनी पहिल्या इंजेक्शनची तारीख गुरुवारची मागून घेतली. चिठ्ठीवर या वेळी खोलीचा क्रमांक, वेळ आणि बरोबर कोणी यावे हे मराठीत लिहिलेले होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि चिठ्ठी मुलीकडे ठेवायला दिली.